कॉकरचे पिल्लू घेताना आधी आई पाहा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘कॉकर स्पॅनियल, गोल्डन, डबल कोट, केसीआय, घरपोच’ अशा सहा-सात शब्दांच्या, कुत्र्याच्या पिल्लांच्या जाहिराती असतात. खाली मोबाईल क्रमांक, बाकी काही नाही. फोन करणाराही बहुधा दोनच गोष्टी विचारतो, कितीला आणि कधी मिळेल. पिल्लू कुठे जन्मले, त्याची आई कोणाच्या घरी आहे, तिचे हे कितवे वेत, हे विचारायचे राहून जाते. न विचारल्याने काय होते आणि विचारायचे तर कसे, हे सविस्तर लिहिण्यासाठी हे पत्र. शेवटी आपल्याकडे एक मागणीही आहे.

कॉकर निवडण्यात चूक काहीच नाही. इंग्लिश कॉकर साधारण ३८ ते ४१ सेंटिमीटर उंच आणि १३ ते साडेचौदा किलो वजनाचा. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये मावतो, माणसांत रमतो. अमेरिकन कॉकर त्याहून बुटका, घुमटासारख्या डोक्याचा आणि फार दाट केसांचा. आपल्या दमट हवेला दोघांत इंग्लिश बरा. मात्र हा मुळात झुडपांतून पक्षी उठवण्यासाठी घडवलेला कुत्रा आहे. त्याचे नावच वुडकॉक या पक्ष्यावरून पडले. रोज तासभर चालणे आणि वास घेत हुंदडणे त्याला लागतेच. दिवसभर बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीवर) बांधून ठेवायचा असेल तर कॉकर घेऊ नये. आणि अमुकच जात हवी असा आग्रह नसेल तर प्राण्यांच्या आसऱ्यांत घराची वाट पाहणारी गावठी पिल्ले आहेत. ती या हवेत कॉकरपेक्षा सहज वाढतात.

‘घरगुती ब्रीडर’ या एकाच शब्दाआड दोन वेगळी माणसे असतात. एकाच्या घरात एक-दोन माद्या माणसांबरोबर राहतात, वर्षा-दोन वर्षांनी एखादे वेत होते आणि पिल्ले स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत वाढतात. दुसरा घाटावरून पिल्ले मागवतो, चार-आठ दिवस घरात ठेवतो आणि ‘घरचीच आहेत’ म्हणून विकतो. फरक पुष्कळदा जाहिरातीतच दिसतो. एकाच नंबरवर आज कॉकर, पुढच्या महिन्यात शित्झू आणि त्यानंतर लॅब्रेडॉर असेल, तर तो दलाल समजावा. कॉकर मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. त्यामुळे एकाच मादीची पिल्ले जानेवारीत आणि पुन्हा ऑगस्टमध्ये विकायला निघाली, तर तिला लागोपाठच्या दोन माजांत नराला दाखवले आहे, हे उघड आहे. जाहिरातींची कात्रणे वर्षभर जपून ठेवणाऱ्याला हे सहज कळते.

कायदाही या बाबतीत मोघम नाही. पशू क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली २०१७ मध्ये श्वान प्रजनन व विक्रीचे नियम झाले. त्यांनुसार पिल्ले विकण्यासाठी प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. ब्रीडर म्हणजे मोठे केनेलच असे नियमांत कुठेही नाही, घरून पिल्ले विकणारी एकटी व्यक्तीही त्यात येते. १८ महिन्यांहून लहान मादीला नराला दाखवायचे नाही. लागोपाठच्या दोन माजांत वेत घ्यायचे नाही, वर्षात एकाहून अधिक नाही, आयुष्यात पाचाहून अधिक नाही आणि मादी आठ वर्षांची झाली की थांबायचे. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. पिल्लू विकताना त्याला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखचिप, बसवलेली असली पाहिजे. नोंदणी क्रमांक विचारल्यावर ‘आमचे घरचेच आहे, आम्हाला कशाला लागते ते’ असे उत्तर आले, तर पुढे बोलणी करू नयेत.

फोनवर किमतीच्या आधी जन्मतारीख विचारावी. मग आईचे वय, तिची आधीची वेते, या वेतात किती पिल्ले झाली आणि किती जगली. पाच-सहा पिल्लांच्या वेतात एखादे दगावणे घडते, आणि ते न लपवता सांगणारा माणूस विश्वासाचा. पुढे, पिल्लांना पाहायला कधी येऊ, हे विचारावे. चांगला ब्रीडर पिल्ले चार-पाच आठवड्यांची झाल्यावर घरी बोलावतो आणि आठव्या आठवड्यानंतर देतो. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, म्हापशाच्या बसस्टँडवर आणून देतो’ हे सौजन्य वाटते, पण घर दाखवायचे नसते तेव्हाच ते दाखवले जाते. उलट ब्रीडरच तुम्हाला प्रश्न विचारू लागला तर राग मानू नये. दिवसा घरी कोण असते, भाड्याचे घर असेल तर मालक हो म्हणाला आहे का, कंपाऊंडला गेट आहे का, आधीचा कुत्रा कशाने गेला, तुम्ही गावाला जाता तेव्हा याला कोण पाहणार, हे सगळे त्याने विचारायलाच हवे. ज्याला पिल्लू कुठे जाते याची पर्वा नाही, त्याने ते कसे वाढवले असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.

भेटीच्या दिवशी एकाच घरी जावे. दोन घरची पिल्ले एका दिवसात पाहिली तर चपलांच्या तळव्यांवरून रोग एकाकडून दुसरीकडे जातो. चपला बाहेर काढायला लावणारा आणि हात धुवायला सांगणारा ब्रीडर योग्य तेच करतो. आत गेल्यावर पिल्लांकडे धावू नका, आधी आईला पाहा. ती पिल्लांजवळ असली पाहिजे, तिचे सड भरलेले किंवा ओघळलेले दिसले पाहिजेत आणि पिल्ले तिच्याकडे झेपावली पाहिजेत. ‘आई गावच्या घरी आहे’, ‘आई आजारी आहे’, ‘मित्राकडे ठेवली आहे’ यातले काहीही ऐकले की परत यावे. वडील मात्र तिथे नसणे स्वाभाविक आहे. उत्तम ब्रीडर नर मुद्दाम बाहेरचा निवडतात, त्यामुळे वडिलांची कागदपत्रे, चाचण्या आणि फोटो एवढे पुरते.

आई रोडावलेली आणि केस विरळ झालेली दिसली म्हणून घाबरू नये. विणीनंतर दोन-अडीच महिन्यांच्या सुमारास मादीचे केस झडतातच, कॉकरच्या कानांचे आणि पोटाखालचे लांब केस तर हमखास. पाहायचा तो तिचा स्वभाव. अनोळखी माणसावर ती दोन-चार वेळा भुंकेल, ते ठीक. पण मालकाने शांत केल्यावर पाच मिनिटांत तिने शेपूट हलवत वास घ्यायला यावे. कोपऱ्यात दबून थरथरणारी किंवा वाडग्याजवळ कुणी गेले की ताठरून गुरगुरणारी आई असेल, तर पिल्ले कितीही देखणी असोत, घेऊ नयेत. कॉकरच्या काही वंशांत वाडगा, खेळणे किंवा बसायची जागा राखण्याची वृत्ती पिढ्यांतून येते. घरात लहान मूल असेल तर ही बाब रंगरूपाच्या कितीतरी वर ठेवली पाहिजे.

नंतर जागा. पिल्लांच्या खोलीत लघवीचा थोडा वास येईल, पण झोपण्याची आणि घाण करण्याची जागा वेगळी हवी. तीन आठवड्यांपासून पिल्ले स्वतःच झोपायच्या जागेपासून दूर जाऊन घाण करतात. पिंजऱ्यात कोंबलेल्या पिल्लांना ते जमत नाही आणि पुढे घरात त्यांना शिस्त लावणे अवघड होते. नखांची टोके कापलेली हवीत, नाहीतर दूध पिताना आईला ओरखडे उठतात. कॉकरचे नवजात पिल्लू साधारण दोनशे-तीनशे ग्रॅमचे असते आणि आठ-दहा दिवसांत त्याचे वजन दुप्पट व्हावे लागते. त्यामुळे काळजी घेणारा माणूस पहिले दोन आठवडे रोज वजन करतो आणि ते वहीत टिपतो. ही वही मागून पाहावी. कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा ती जास्त सांगते.

तीन ते बारा-चौदा आठवडे हा पिल्लाच्या मनाच्या घडणीचा काळ, आणि त्यातला निम्मा ब्रीडरच्या घरी जातो. मिक्सर, कुकरची शिटी, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, लहान मुलांचा कालवा, घासलेली लादी आणि अंगणातली वाळू हे सगळे त्याला आठ आठवड्यांच्या आत भेटलेले हवे. चावा किती जोरात घ्यायचा हेही पिल्लू भावंडांकडून पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिकते. पाच आठवड्यांचे ‘लहानपणीच लळा लागेल’ म्हणून आणलेले पिल्लू पुढे हात फोडेपर्यंत चावते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

आता पिल्लू हातात घ्या. आठ आठवड्यांचे इंग्लिश कॉकर साधारण अडीच ते साडेतीन किलोचे भरते. डोळे स्वच्छ हवेत. आतल्या कोपऱ्यात लाल मण्यासारखी गाठ दिसली तर ती चेरी आय, आणि तिच्यावर शस्त्रक्रिया लागते. कान उलटा करून नाक जवळ न्यावे. आंबूस, यीस्टसारखा वास किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर बुरशी किंवा कानातले माइट्स (बारीक किडे). हिरड्या गुलाबी हव्यात. फिकट असतील तर जंत, पिसवा किंवा गोचीड रक्त पीत आहेत. तोंड उघडून टाळूला फट नाही आणि वरचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसतात हे पाहावे. बेंबीपाशी मऊ फुगवटा म्हणजे हर्निया, लहान असेल तर पुष्कळदा प्रश्न नसतो, पण ते लेखी नोंदवून घ्यावे. नर असेल तर आठ आठवड्यांना दोन्ही वृषण उतरले आहेत का, ते पशुवैद्याकडून तपासावे. पोट जेवणानंतर टम्म असणे वेगळे आणि हातपाय काटकुळे असून पोट ढोलासारखे असणे वेगळे. दुसरे जंतांचे लक्षण. शेपूट कापलेली असेल तर ‘हीच खरी ब्रीड’ असे सांगतील, पण शेपटीचा आणि शुद्धतेचा काही संबंध नाही. घरात वाढणाऱ्या कुत्र्याची शेपूट कापायला कारणच नाही, अखंड शेपटीचे पिल्लू मागावे.

‘हेवी बोन’, ‘डबल कोट’, ‘शो क्वालिटी’ या शब्दांना भुलण्याचे कारण नाही. जास्त केस म्हणजे गोव्यात जास्त उकाडा, जास्त ओल आणि जास्त गोचीड एवढेच. कॉकरमध्ये ठिपक्यांचा मर्ल रंग ‘दुर्मिळ’ म्हणून चढ्या किमतीला विकला जातो, तोही टाळावा. मर्लला मर्ल जोडले तर बहिरी आणि आंधळी पिल्ले जन्मू शकतात. केवळ विचित्र रंगासाठी जोड्या लावणारा माणूस आरोग्याचा विचार करत नाही.

आणि आरोग्याचा विचार म्हणजे नुसते ‘लस दिली आहे’ नव्हे. इंग्लिश कॉकरमध्ये आई-वडिलांकडून येणारे दोन विकार आहेत, जे पिल्लाकडे पाहून कुणालाच ओळखता येत नाहीत. एक पीआरए. यात डोळ्यातला पडदा हळूहळू झिजतो. आधी रात्री दिसेनासे होते, मग पूर्ण आंधळेपण येते. बऱ्याचदा कुत्रा चार-पाच वर्षांचा होऊन घरात रुळल्यानंतर हे लक्षात येते. दुसरा फॅमिलियल नेफ्रोपथी, म्हणजे मूत्रपिंडाचा आनुवंशिक रोग. सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात पिल्लू खूप पाणी पिऊ लागते, वजन घटते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. याला बरे करणारा उपचार नाही. दोन्ही विकारांसाठी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी होते. निकाल तीन प्रकारचा असतो: क्लिअर (दोषमुक्त), कॅरियर (वाहक) किंवा अफेक्टेड (रोगी). पिल्लाला रोग होण्यासाठी दोषी जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. म्हणजे दोघांपैकी एक जरी क्लिअर असेल तरी त्या वेतातल्या कुणालाही रोग होणार नाही. फार तर काही पिल्ले वाहक होतील, आणि वाहक कुत्रा घरी पाळायला पूर्ण निरोगी असतो. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक पिल्लाला रोगाची शक्यता चारात एक.

म्हणून ब्रीडरकडे पहिली मागणी, आई किंवा वडील यांपैकी किमान एकाचा दोन्ही विकारांचा क्लिअर अहवाल. अहवालावर मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक हवा आणि तो त्या कुत्र्याच्या चिपशी जुळला पाहिजे. नुसते नाव लिहिलेला अहवाल कोणत्याही कुत्र्याचा असू शकतो. ब्रीडरने चाचणी केली नसेल आणि घर बाकी सगळ्या बाबतींत चांगले असेल, तर ती करून घेण्याची विनंती करावी, हवे तर खर्च वाटून घ्यावा. मादी क्लिअर निघाली तर त्या एका चाचणीवर तिची सगळी वेते तरतात. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्या जातीचा मुख्य धोका हृदयाच्या झडपेचा आहे आणि तो डीएनएत दिसत नाही. तिथे आई-वडील अडीच वर्षांचे झाल्यावर पशुवैद्याने हृदय तपासून दिलेला निर्वाळा मागायचा असतो.

केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र वंशावळ सांगते, तब्येत सांगत नाही. ते पाहावे, पण ‘केसीआय आहे’ यावर समाधान मानू नये. ‘पेपर नंतर येतील’ असे म्हटले तर वेताच्या नोंदणीचा पुरावा आणि मालकी हस्तांतराचा सही केलेला अर्ज हातात आल्यावरच पूर्ण रक्कम द्यावी. चिप स्कॅनरने वाचून घ्यावी, पशुवैद्यांकडे स्कॅनर असतो.

लसीच्या पुस्तिकेत सर्वात जास्त फसवणूक होते. प्रत्येक लसीपुढे कुपीवरचे सोलून चिकटवलेले स्टिकर हवे, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत, शेजारी तारीख आणि पशुवैद्याची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक. स्टिकरशिवाय नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा धरू नयेत. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. दुकानातून आणून पिशवीत ठेवलेली आणि स्वतः टोचलेली लस म्हणजे पुष्कळदा नुसते पाणी. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. इतके डोस का? आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते. ती कोणत्या पिल्लात कधी उतरेल हे सांगता येत नाही, म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांपर्यंत न्यावाच लागतो. यावरून सरळ निष्कर्ष असा की आठ आठवड्यांच्या पिल्लाबद्दल ‘सगळी व्हॅक्सिनेशन कम्प्लीट’ म्हणणारा खोटे बोलतो. त्या वयाच्या पुस्तिकेत रेबीजचे स्टिकर असेल तर तेही संशयास्पद, कारण ती लस तीन महिन्यांना देतात. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. ते टिकवायचे तर प्रत्येक घरच्या कुत्र्याला ही लस वेळेवर मिळालीच पाहिजे. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे, आणि त्याच वेळी आईलाही दिलेले असावे. गोल जंत गर्भातून आणि दुधातूनच पिल्लांत येतात.

घरपोच आणि बसने पाठवल्या जाणाऱ्या पिल्लांबद्दल थोडे जास्त लिहायला हवे, कारण सर्वात जास्त पिल्ले इथेच मरतात. खोक्याला चार भोके पाडून रात्रीच्या बसमध्ये ठेवलेले पिल्लू घाटाची वळणे, उपास आणि भीती यांनी आधीच खचते. त्याच खोक्यात किंवा त्याच दलालाच्या खोलीत आधीच्या पिल्लांचा पार्व्हो विषाणू असतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणून घरी आल्यावर दोन-तीन दिवस पिल्लू छान खेळते. मग खाणे सोडते, उलट्या होतात, नंतर विशिष्ट दुर्गंधीची रक्ती हगवण. तोवर विकणारा म्हणतो, ‘दिले तेव्हा ठणठणीत होते, तुमच्याकडेच काहीतरी खाल्ले’. हे टाळण्याचा मार्ग एकच, पिल्लू त्याच्या जन्मघरातून स्वतः जाऊन आणणे. हगवण लागलीच तर घरगुती औषधांत दिवस घालवू नये. विष्ठेच्या नमुन्यावर पशुवैद्याकडे काही मिनिटांत किटने चाचणी होते, आणि पिल्लू वाचवते ते वेळेवर सुरू केलेले सलाईन.

ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले तिथे लगेच दुसरे आणू नये. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने आणि सावलीतल्या मातीत वर्षभरही टिकतो. फिनाईलवर भरवसा ठेवू नये. आधी घाण पूर्ण धुऊन काढावी, मग पाच टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराईटचा (ब्लीचचा) एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून लादी दहा मिनिटे ओली ठेवावी. अंगणाच्या लाल मातीला हा उपाय चालत नाही. तिथे पूर्ण लसीकरण झालेलाच कुत्रा आणावा.

विक्रीचा करार लेखी असावा. पिल्लू नेल्यापासून ४८ ते ७२ तासांत खरेदीदाराच्या पशुवैद्याने तपासावे आणि गंभीर दोष निघाला तर पैसे परत, ही अट त्यात हवी. कोणत्याही वयात कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर ब्रीडर त्याला परत घेईल, हीही अट असावी. खरा ब्रीडर ती स्वतःहूनच घालतो. बुकिंगची रक्कम पावती घेऊनच द्यावी.

ऋतूचाही विचार करावा. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि कॉकरचे लोंबते, आतून केसाळ कान त्या चार महिन्यांत सुकतच नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत आलेल्या पिल्लाला पावसाआधी कान साफ करून घेण्याची सवय लागते. चतुर्थीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात, फटाके आणि पाहुणे असताना, आणू नये. नाताळची भेट म्हणून तर नकोच. कान आठवड्यातून एकदा पशुवैद्याने सुचवलेल्या द्रावणाने साफ करावेत. खोबरेल तेल घालू नये, ओल आणि तेल एकत्र आले की बुरशी फोफावते. इअरबड आत घालू नये, मळ आणखी खोल जातो. जेवणाचा वाडगा तोंडाला अरुंद आणि खोल घ्यावा, म्हणजे कान बाहेर राहतात. पाऊस संपल्यावर गवत वाळू लागले की कुसळे कानात आणि बोटांच्या बेचक्यात घुसतात. फिरून आल्यावर डोके एका बाजूला झटकणारा कॉकर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावा. कुसळ आत सरकत जाते, मागे येत नाही. पंजाखालचे केस कातरून आखूड ठेवावेत, पाठीवर मात्र मशीन फिरवू नये, केस लोकरीसारखे परत येतात.

गोचीडताप गोव्यात बारमाही. गोचीडविरोधी गोळ्या साधारण आठ आठवडे आणि दोन किलोंनंतर देता येतात, कोणती ते पशुवैद्य सांगेल. पाऊस आणि उंदीर असलेल्या भागात लेप्टोस्पायरोसिसची लसही घ्यावी, दोन डोस आणि मग दरवर्षी. पिल्लू आणताना प्रवासाआधी दोन-तीन तास खायला देऊ नये. आईच्या वासाचे फडके बरोबर घ्यावे आणि वाटेत चहाच्या टपरीजवळ जमिनीवर उतरवू नये. ब्रीडर जे अन्न देत होता तेच आठवडाभर, मग हळूहळू बदल. कांदा-लसणाचे हुमण (माशांची आमटी) आणि माशाचे काटे नकोत. शेवटच्या लसीनंतर दोन आठवडे होईपर्यंत मिरामारच्या वाळूवर सोडू नये. कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर न्यावे, बाजार आणि रस्ता दाखवावा.

आता आपल्याकडची मागणी. पिल्लांच्या जाहिरातीचा अर्ज भरून घेताना त्यात दोन रकाने वाढवावेत: ब्रीडरचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लांची जन्मतारीख. दोन्ही जाहिरातीत छापावीत आणि ती नसतील तर जाहिरात स्वीकारू नये. जागा एका ओळीहून अधिक लागणार नाही. जन्मतारीख छापली की आठ आठवडे झाले की नाही ते वाचक घरबसल्या बोटांवर मोजू शकेल, आणि एकाच क्रमांकाखाली सहा महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन तारखा संबंधित खात्यालाही आपोआप दिसतील.

कळावे,

आपला,
एक वाचक, फोंडा